जहाजभाडे आणि समुद्रापासून दूरची भिलाई

छत्तीसगडमधील भिलाईच्या कोहका भागापासून विशाखापट्टणम बंदर पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही येथील अर्थकारण जलवाहतुकीशी निगडित आहे. १९५९ मध्ये भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिज जवळच्या दल्ली-राजहरा येथून मिळाले. मात्र पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा आपल्या देशाला मुख्यत्वे आयात करावा लागतो. तो बंदरात उतरून रेल्वेने भिलाईस येतो. साहजिकच जहाजभाडे वाढले की पोलादाचा उत्पादनखर्चही वाढतो.

हे भाडे कमालीचे अस्थिर असते. कोळसा, खनिज, धान्य यांच्या जहाजभाड्याचा ‘बाल्टिक ड्राय’ निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ६६३ पर्यंत कोसळला. मागणी काही आठवड्यांत बदलते, नवे जहाज बांधण्यास मात्र वर्षे लागतात, हे त्यामागील प्रमुख कारण होय.

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले झाले. परिणामी अनेक जहाजे सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास सुमारे १० ते १४ दिवसांनी लांबला. लघुउद्योजकाच्या दृष्टीने हा केवळ विलंब नव्हे. समजा, १० लाख रुपयांचा माल १४ दिवस अधिक अडकला, तर दसादशे १० टक्के दराने सुमारे ३,८०० रुपये जादा व्याज पडते. अल्प नफ्याच्या व्यवहारात ही रक्कम लहान नसते.

म्हणूनच करारातील अटी महत्त्वाच्या ठरतात. ‘एफ.ओ.बी.’ व्यवहारात समुद्रभाडे खरेदीदार देतो, ‘सी.आय.एफ.’मध्ये भाडे व विमा यांचा भार विक्रेत्यावर असतो. निर्यातदाराने दर ठरविण्यापूर्वी ही बाब तपासावी आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा मागताना प्रवासाचे वाढीव दिवसही हिशेबात धरावेत.

भारताच्या परदेशी व्यापारात भारतीय जहाजांचा वाटा अल्प असल्याने भाड्याची मोठी रक्कम परदेशी जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जाही मिळाला. त्यामुळे दीर्घ मुदतीचे कर्ज सुलभ होण्यास मदत होईल. त्याची फळे दिसण्यास अवधी लागेल. तोवर व्यवहारातील सावधगिरी हीच उद्योजकाची खरी सुरक्षितता आहे.