पुरातली गाडी घेताय? आधी कागद बघा

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी आपल्या पलूस तालुक्यात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळकडं घराघरांत शिरलं. दारातल्या गाड्याही बुडाल्या. अशा गाड्या दुरुस्त होऊन स्वस्तात विकायला येतात. दूध घालायला, भाजी न्यायला बरी म्हणून ताई गटाकडं कर्ज मागतात. तेव्हा आम्ही रंग बघत नाही, कागद मागतो.

दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला भरपाई मिळते, सांगाडा कुणी गॅरेजवाला उचलतो. कधी आरसी चालू ठेवून, कधी रद्द करून. अमेरिकेत अशा गाडीच्या कागदावर तसा शिक्का बसतो. आपल्या आरसीवर तसलं काही दिसत नाही, म्हणून शोधायचं आपणच.

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी चालू आहे का, बोजा कुणाचा, विमा कधीपर्यंत, हे कळतं. नोंदणी रद्द दिसली तर व्यवहार तिथंच सोडा. मिस्त्रीनं कितीही नवी केली तरी नुसत्या दुरुस्तीनं नोंदणी परत येत नाही. मग चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी ताडून बघा. चेसिस नंबरवर घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण असली तर गाडी फुकट दिली तरी नको. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरटीओत झालेली हवी.

नोंदणी चालू असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्यायची. जुन्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याची एनओसी लागते. टेम्पो असेल तर पासिंग बघा. विमा नव्यानं काढा.

विकणाऱ्या ताईंनाही सांगतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलंय, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. गाडी चार हात फिरली आणि अपघात झाला, तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येईल. नाव बदलल्याचं ॲपवर दिसेपर्यंत फॉर्मची झेरॉक्स आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत जपून ठेवा.