शयनस्थ श्रीहनुमंतांचे रूप : अर्थ आणि चित्रण



सौंसर तालुक्यातील श्रीक्षेत्र जामसावळी येथे पिंपळवृक्षाखाली श्रीहनुमंतांची स्वयंभू मानली जाणारी मूर्ती पहुडलेल्या स्थितीत आहे. प्रथमच दर्शनास येणारे भाविक एक प्रश्न हमखास विचारतात : अखंड रामसेवेत तत्पर असलेले हे दैवत निजले कसे?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मारुतीची दोन रूपे सर्वपरिचित आहेत : हात जोडून उभा दासमारुती आणि हात उगारलेला वीरमारुती अथवा प्रतापमारुती. चाफळ येथे समर्थ रामदासस्वामींनी दोहोंची स्थापना केली. शयनस्थ रूप या दोहोंत बसत नाही. संजीवनी आणताना हनुमंत येथे विसावले, असे सांगितले जाते. श्रद्धेचा मान राखूनही एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाल्मीकि रामायणात समुद्र ओलांडताना मैनाक पर्वताने विसाव्याची विनंती केली, तेव्हा हनुमंतांनी त्यास केवळ हस्तस्पर्श करून पुढे प्रयाण केले. विसावा नाकारणे हाच तेथे त्यांचा स्वभाव दिसतो.

या रूपाचा खरा आधार महाभारताच्या वनपर्वात सापडतो. द्रौपदीसाठी सौगंधिक पुष्पे आणावयास निघालेल्या भीमास गंधमादन पर्वतावर कदलीवनात वाटेत एक वानर आडवा पडलेला आढळला. भीमाने गर्जना केली. वानराने डोळे किंचित उघडले आणि म्हटले की, मी आजारी आहे, सुखाने निजलो होतो, मला का जागे केलेस? उठण्याची शक्ती नाही, तेव्हा शेपूट बाजूस सारून जा. भीमाने प्रथम डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी बळ लावले. शेपूट तसूभरही हलले नाही. तेव्हा तो ओशाळला आणि हात जोडून उभा राहिला. पुढे याच वानराने समुद्र ओलांडतानाचे आपले विराट रूप त्यास दाखविले. म्हणजे बळ सर्व होते, फक्त ते निजलेले दिसत होते.

जामसावळीची लोककथाही याच वळणाची आहे. मूर्ती पूर्वी उभी होती. तिच्याखालील धनाच्या लोभाने काहींनी ती हलविण्याचा यत्न केला, तेव्हा देव आडवे झाले आणि बैलांच्या जोड्या जुंपूनही मूर्ती हलली नाही, असे वृद्ध मंडळी सांगतात. खुलताबादच्या भद्रा मारुतीचा भाव मात्र वेगळा : तेथे भद्रसेन राजाची रामभक्तिपर गीते ऐकता ऐकता हनुमंत समाधिस्थ झाले, अशी कथा आहे. प्रयागच्या शयनस्थ हनुमंतांचे आख्यान आणखी निराळे आहे. बाह्य आकार एक, परंतु अर्थ स्थळागणिक बदलतो.

आपल्या आजाऱ्यास घेऊन येथे येणाऱ्या कुटुंबास आडवे पडलेले देव दुबळे वाटत नाहीत. मी आजारी आहे, असे म्हणणारा वानर भीमास भारी पडला होता, हे त्यांस अवश्य सांगावे.

म्हणूनच चित्रकार, मूर्तिकार व देखावे करणाऱ्या मंडळांस विनंती की, या रूपास गाढ झोपेतला सैल चेहरा देऊ नये. अलीकडे गाड्यांच्या काचांवर दिसणारी क्रुद्ध मुद्राही येथे शोभत नाही. चौकट उभी आहे म्हणून मूर्ती उभी करू नये. आडवीच चौकट घ्यावी. शेंदराखाली जे अवयव स्पष्ट दिसत नाहीत, ते कल्पनेने कोरीव करण्याचे कारण नाही. डोळे मात्र पूर्ण मिटलेले नसावेत; भीमाने पाहिले तसे, किंचित उघडे असावेत.