लॉन टेनिसची पहिली चढाओढ

विंबल्डन येथील टेनिसच्या सामन्यांची वार्ता दर वर्षीं लहानसहान गांवींहि पोंचते. परंतु या जगद्विख्यात चढाओढीचा उगम एका नादुरुस्त रुळांत आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

लंडनजवळच्या विंबल्डनमध्यें १८६८ सालीं क्रोकेसाठीं एक क्लब निघाला. क्रोके म्हणजे लांकडी हातोड्यानें चेंडू टोलवून तारेच्या कमानींतून नेण्याचा खेळ. त्याची आवड ओसरूं लागली, तेव्हां १८७५ मध्यें क्लबानें हिरवळीचा एक भाग टेनिससाठीं राखून ठेविला. आष्टीकडे ज्वारीचें खळें करतांना जमीन जशी चोपून सपाट करीत, तशी ही हिरवळ तट्टानें ओढावयाच्या रुळाखालीं दाबावी लागे. नाहीं तर चेंडू भलतीकडेच उसळावयाचा. तो रूळच नादुरुस्त झाला. दुरुस्तीस पैसा हवा, म्हणून १८७७ च्या जुलैंत चढाओढ भरविण्याचें ठरलें. प्रवेशशुल्क १ गिनी, म्हणजे २१ शिलिंग. नांवें आलीं २२, आणि तीं सर्व पुरुषांचीं. स्त्रियांस प्रवेशच नव्हता.

पण खेळावयाचें कोणत्या नियमांनीं? मेजर विंगफील्ड यांनीं १८७४ मध्यें पेटंट घेऊन हा खेळ विक्रीस काढिला होता. त्यांचें मैदान डमरूसारखें मध्यें अरुंद, आणि डाव १५ गुणांचा. क्लबानें हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल व सी. जी. हीथकोट या तिघांवर नियमांचें काम सोंपविलें. त्यांनीं मैदान काटकोनी केलें. लांबी ७८ फूट, रुंदी २७ फूट. गुणांची मोजणी भिंतींनीं वेढलेल्या दालनांतील जुन्या टेनिसची घेतली : पंधरा, तीस, चाळीस. नवख्यास ती आजहि चमत्कारिक वाटते. तरी ती आणि एकेरीच्या मैदानाचें माप, दोन्ही तशींच टिकलीं आहेत. जाळें मात्र तेव्हां खांबांपाशीं ५ फूट उंच व मध्यें ३ फूट ३ इंच असें झोळ पडलेलें होतें.

सामने ९ जुलैस सुरू झाले. मध्यंतरीं लॉर्ड्‌सवर ईटन व हॅरो या शाळांचा क्रिकेटचा सामना आला, म्हणून ते चक्क थांबविले गेले! टेनिसची प्रतिष्ठा तेव्हां एवढीच. पुढें पावसानें खोळंबा केला आणि अंतिम सामना १९ तारखेस झाला. एकेक शिलिंग देऊन सुमारें २०० लोक पाहावयास आले. स्पेन्सर गोर यांनीं जाळ्याजवळ उभें राहून चेंडू जमिनीस लागण्यापूर्वींच परतविण्याचा सपाटा चालविला. कडेचें जाळें उंच, त्यामुळें त्यांच्या बाजूनें चेंडू काढणें विल्यम मार्शल यांस साधेना. ६-१, ६-२, ६-४ असा निकाल ४८ मिनिटांत लागला. या पहिल्या विजेत्यास स्वतःला हा खेळ कंटाळवाणा वाटे, आणि पुढें त्यांनीं तसें लिहूनहि ठेविलें.

खरा लाभ झाला तो जोन्स यांच्या हिशेबी डोक्यामुळें. व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावर लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं सगळे डाव मोजून काढिले. ६०१ डावांपैकीं ३७६ चेंडू सुरू करणाऱ्यानें जिंकले होते. म्हणजे दुसऱ्या पक्षावर अन्याय होत होता. म्हणून १८७८ मध्यें जाळें खालीं आणलें आणि सुरुवातीचा चेंडू जेथें पडावयाचा तो चौकोन २६ फुटांवरून २२ फुटांवर आखूड केला. त्याच वर्षीं सिलोनमधील एक मळेवाले, फ्रँक हॅडो, रजेवर आले असतां चढाओढींत उतरले. त्यांनीं गोर यांच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकण्याची युक्ति केली आणि करंडक जिंकला. पुढच्या वर्षीं तो राखण्यास ते आलेच नाहींत.

त्याच दशकांत पुण्याच्या छावणींत इंग्रज अधिकारी पिसांच्या फुलाचा खेळ नियमांत बसवीत होते. ‘पूना’ या नांवानें ओळखला जाणारा तो खेळ म्हणजेच बॅडमिंटन.

विंबल्डनवर स्त्रियांस एकेरीची चढाओढ मिळावयास १८८४ साल उजाडावें लागलें. तेथें सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे लीला राव. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या त्या कन्या, आणि वेदांचे व्यासंगी शंकर पांडुरंग पंडित यांच्या नात. १९३४ सालीं त्यांनीं पहिली फेरी जिंकली.