एक थेंब कथील

परवा रात्री हेडफोनवर गाणं ऐकत होतो आणि गाण्यातून गायक नाहीसा झाला. डावीकडे सतार वाजत होती, उजवीकडे बासरी होती, मागे हॉलचा घुमारा होता. मधोमध जिथे गळा असायचा, तिथे पोकळी. पिनेपाशी तार जराशी वाकडी धरली की गायक परत यायचा, सोडली की जायचा. मग 1950च्या दशकातलं एक गाणं लावून पाहिलं. ते तर जवळपास सगळंच गडप झालं. फोन ठणठणीत, हेडफोनचे दोन्ही कान ठणठणीत, आणि तरी एक माणूस नेमका वगळला जात होता.

तुटक्या तारेला गाणारा कोण आणि वाजवणारे कोण, हे कळलं कसं?

प्रत्येक कानाला विजेच्या दोन वाटा लागतात, एक जाण्याची आणि एक परतण्याची. दोन्ही कानांच्या परतीच्या वाटा पिनेपाशी एकत्र येतात आणि पिनेच्या एकाच भागाला जोडलेल्या असतात. माझ्याकडे नेमका हाच जोड सुटला होता. मग डाव्या कानातून निघालेल्या विजेला परतायला एकच रस्ता उरला, उजव्या कानातून. पण तिकडूनही त्याच क्षणी तेवढाच जोर येत असेल, तर वीज वाहतच नाही. रस्सीखेचीत दोन्ही संघ तोडीस तोड असले की दोर जागचा हलत नाही, तसंच. स्टुडिओत गायकाचा आवाज सहसा मधोमध ठेवतात, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा. म्हणून तो पुसला गेला. सतार आणि बासरी एकेका बाजूला झुकलेल्या, म्हणून उरल्या. जुनं गाणं मोनो, दोन्ही कानांत तंतोतंत एकच. म्हणून ते सगळंच गेलं. तुटलेली तार माझ्या कानाशी बसून वजाबाकी करत होती!

हे कळल्यावर ती तार उघडून पाहिल्याशिवाय राहवेना.

हेडफोन मूळचा टीव्हीसाठी घेतलेला, तार चांगली तीन मीटर लांब. टेबलाशी बसून ऐकायला एवढी तार लागत नाही. ती खुर्चीच्या चाकाखाली जाते, पायात अडकते आणि प्रत्येक हिसका शेवटी पिनेजवळच्या जोडावर येतो. ठरवलं की पिनेसकट पावणेदोन मीटर तार कापायची, सव्वा मीटर ठेवायची आणि नवी पिन लावायची. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पिन मागितली तर दुकानदार म्हणाला, "काय भो, नवा हेडफोनच घेऊन टाका ना." पिन चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळाली. पुढचा तास मात्र मला कुठल्याही दुकानात विकत मिळाला नसता.

तार कापली आणि वरचं काळं आवरण सेंटीमीटरभर सोलून काढलं. हे आवरण सहसा पीव्हीसीचं असतं. जळगावकरांना पीव्हीसीची ओळख करून द्यायला नको. इथल्या कारखान्यांतले पाइप केळीच्या बागांपासून घरांच्या गच्चीपर्यंत सगळीकडे दिसतात. पाइपात ते काठीसारखं ताठ, तारेवर रबरासारखं मऊ. फरक एवढाच की तारेच्या पीव्हीसीत मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, उष्णतेत जास्त लवकर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा खिडकीशी पडलेली तार कडक होऊन चिरते ती याच कारणाने.

आवरणाच्या आत चार जुडगे निघाले: एक लाल, एक हिरवा आणि दोन तांबूस. एकेका जुडग्यात केसासारखे बारीक तंतू आणि त्यांच्या पोटात पांढऱ्या धाग्यांचा झुपका. हा धागा वीज वाहून नेत नाही. तो ताण सोसतो, म्हणून तार ओढली तरी नाजूक तांबं लगेच तुटत नाही. रंगांची रीत बहुतेक हेडफोनांत अशी: लाल उजव्या कानाचा, हिरवा किंवा निळा डाव्याचा, तांबूस परतीचे. तरी मीटर लावून खात्री करावी.

इथेच मी पहिल्यांदा थबकलो. मल्टिमीटरचं एक टोक लाल जुडग्याला लावलं, दुसरं तांबूस जुडग्याला. डोळ्यांना उघडं तांबं दिसत होतं, पण मीटर गप्प. कारण ते तांबं उघडं नव्हतंच. प्रत्येक तंतूवर लाखेसारखा पारदर्शक किंवा रंगीत लेप असतो, इतका पातळ की बोटाला कळत नाही. लाल आणि हिरवा हे रंग त्या लेपाचेच. या लेपामुळेच चार जुडगे एकमेकांना खेटून एका बारीक नळीत राहू शकतात आणि तरी त्यांचा एकमेकांशी विजेचा संबंध येत नाही. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तंतू पिळून तसेच जोडतात आणि हेडफोन मुका राहिला की गोंधळतात.

हा लेप उष्णतेने जातो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळलेल्या सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तंतूचं टोक त्यात दोन-चार सेकंद धरायचं. साधारण 350 ते 400 अंशांत लेप जळून सुटतो. भरताचं वांगं निखाऱ्यावर भाजलं की साल सुटते तसा. लाल रंग काळवंडतो, बारीकसा धूर निघतो आणि एकदम, डोळ्यांदेखत, तो थेंब तंतूवर चढतो. आधी तो पारोशासारखा अंग चोरून गोळा होऊन बसलेला असतो. लेप गेल्याबरोबर तांब्यावर पसरतो आणि तांबं चांदीसारखं चकाकतं.

आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिचं माहेर धुळ्याचं. ती वाकून बघत म्हणाली, "अरे, कल्हई चढली की!"

मी हातातलं काम थांबवलं. आई शब्दशः खरं बोलली होती.

तिच्या लहानपणी धुळ्याच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता चालवायचा आणि पितळी पातेलं उलटंपालटं करत तापवायचा. मग आत नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी तापल्या पातेल्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात फिरवायचं. आंबट आमटी त्या पातेल्यात कळकू नये म्हणून ही कथलाची चादर. माझ्या टेबलावर चाललेलं काम तेच होतं. सोल्डर म्हणजे मुख्यतः कथीलच, त्यात शिसं मिसळलेलं. नवसागराच्या जागी राळ. तापलेला नवसागर तांब्या-पितळेवरचा गंज खातो. सोल्डरच्या पोकळ तारेत भरलेली राळ तेच काम सौम्यपणे करते. ही राळ चीर पाइनसारख्या झाडांच्या खोडातून पाझरणाऱ्या चिकापासून मिळते. थंड असताना ती निरुपद्रवी, तापली की तिच्यातलं आम्ल जागं होऊन तांबं स्वच्छ करतं, आणि निवली की पुन्हा झोपी जातं. नवसागर असा झोपत नाही, त्याचा अंश तार कुरतडत राहतो. म्हणून भांड्याला नवसागर चालतो आणि तारेला राळच हवी.

आता शिसं कशाला? कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327 अंशांना. दोन्ही मिसळली तर मधलंच एखादं तापमान येईल असं वाटतं. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं घेतलं की मिश्रण 183 अंशांनाच पातळ होतं, दोघांपेक्षाही खाली! पॉट आईस्क्रीम करताना बर्फात मीठ घालतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. वेगळ्या जातीचे कण एकमेकांत आले की त्यांना शिस्तीत रांगा लावून घट्ट होणं अवघड जातं, म्हणून ते जास्त थंडीपर्यंत पातळ राहतात. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर दागिन्याला डाग देतात तेव्हाही याच ज्ञानावर विसंबतात. शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं. डागाच्या सोन्यात चांदी-तांब्यासारखे धातू मिसळून त्याचा वितळणबिंदू दागिन्यापेक्षा खाली आणलेला असतो. म्हणून डाग वितळतो आणि दागिना शाबूत राहतो. तिथे राळेची जागा टाकणखार घेतो. गल्लीतला कल्हईवाला, पेढीमागचा कारागीर आणि टेबलावरचा आयर्न: तिघांचं सूत्र एकच. आधी उष्णता दे, मग गंज घालव, मग धातूला धातू भेटू दे.

आणि ही भेट वरवरची नसते. सोल्डर हा तापवलेला डिंक आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. डिंक नुसता चिकटतो. वितळलेलं कथील मात्र तांब्याच्या पृष्ठभागात शिरतं आणि सीमेवर तिसराच पदार्थ तयार होतो, ज्यात सहा तांब्याच्या अणूंमागे पाच कथलाचे अणू असतात. हा थर जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. तांबं आणि कथील एकत्र आलं की कासं होतं. आजी तळपायाला तूप लावून ज्या काशाच्या वाटीने चोळायची, त्या वाटीचा एक दूरचा सोयरा आपल्या हेडफोनच्या पिनेत जन्माला येतो, आणि त्याच्याच जोरावर तो जोड उभा असतो.

म्हणून जोड करायची रीत महत्त्वाची. सोल्डर आयर्नवर घेऊन जोडावर पुसायचं नाही. तार आणि पिनेचा पाय दोन्ही आयर्नने तापवायचे आणि सोल्डरची तार त्या तापलेल्या जागेला लावायची. जागा तापली असेल तर सोल्डर आपोआप ओढलं जातं आणि उतरत्या कडांचा चकचकीत जोड बसतो. गोळी होऊन वर बसलं आणि निस्तेज दिसलं, तर समजायचं की भेट झालीच नाही. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. तो जोड आज चालतो आणि पुढच्या आठवड्यात गायक पुन्हा गायब होतो.

पिनेचे तीन भाग काळ्या कड्यांनी वेगळे केलेले असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि मागचा लांब भाग परतीच्या दोन्ही तारांचा. माइकवाल्या हेडफोनला चार भाग असतात, तिथे चारच भागांची पिन घ्यावी. या पिनेचं घराणं मोठं जुनं. 1878 साली अमेरिकेतल्या न्यू हेवनला पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, 1882 मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रासला एक्स्चेंजं आली. पुढे अशा एक्स्चेंजांतल्या ऑपरेटर फळीवरच्या भोकांत तारांची टोकं खुपसून एका माणसाला दुसऱ्याशी जोडून द्यायच्या. त्यांच्या हातातल्या त्या सव्वासहा मिलिमीटरच्या आसपासच्या जाड पिनेची साडेतीन मिलिमीटरची नात आज आपल्या हेडफोनला आहे.

एक प्रश्न अनेकांना पडतो, मलाही पडला: तार आखूड केली तर आवाजात फरक पडतो का? हिशेब करून बघा. तीन मीटर तार पार करायला विजेच्या संकेताला सेकंदाचे अब्जांश लागतात, साधारण पंधरा. तेवढ्या अवधीत हवेतला आवाज केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही सरकत नाही. गंमत अशी की संकेत इतका धावतो आणि तारेतले इलेक्ट्रॉन जागचे जवळजवळ हलतच नाहीत. साध्या आवाजात ऐकताना मधल्या पट्टीच्या सुरावर ते पुढेमागे डोलतात ते मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. गर्दीतल्या माणसांनी जागा न सोडता खांद्याने खांदा ढकलावा आणि धक्का पार दुसऱ्या टोकाला पोचावा, तसं गाणं कानाशी येतं.

करून पाहणार असाल तर थोडं सांभाळा. काम सुरू करण्याआधी हेडफोन फोनमधून काढा. पिनेचं टोपण आणि आकसणारी प्लॅस्टिकची नळी जोड करण्याआधीच तारेत ओवा, कारण जोडल्यावर ती आत जात नाहीत. पिन पक्कडीत धरा आणि एका जोडावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त आयर्न ठेवू नका, नाहीतर आतलं प्लॅस्टिक वितळतं. पिनेच्या मागच्या पट्टीने तारेचं आवरण घट्ट दाबून टाका, म्हणजे हिसका जोडावर न येता आवरणावर येईल. खिडकी उघडी ठेवा, राळेचा धूर छातीला चांगला नाही. शिसं असलेल्या सोल्डरला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि लहान मुलांना या टेबलापासून लांब ठेवा.

टोपण फिरवून बसवलं, पिन लावली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. सतार डावीकडे, बासरी उजवीकडे आणि मधोमध गळा, जिथे असायला हवा तिथे. हेडफोन आईच्या कानांवर ठेवला. तिने डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

तुमच्याही घरात एखाद्या खणात असा एका कानाने मुका झालेला हेडफोन पडला असेल. तो कचऱ्यात टाकू नका. बहुतेक वेळा त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. पिनेजवळची दोन बोटं तार तेवढी तुटलेली असते. ती कापा, आत काय आहे ते बघा, आणि एक थेंब कथील लावा.