ठिबकचे अनुदान आणि पळसदेवचे शिवार

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, जुने पळसदेव जलाशयाखाली गेले, आणि ज्या गावाने आपली भूमी पाण्यास दिली त्याच्या उर्वरित शिवारात उसाचे पीक उभे राहिले. परंतु काळ्या, खोल जमिनीत पाटाने भरलेल्या अतिरिक्त पाण्याचा निचरा सुलभपणे होत नाही. त्यातील बराच अंश बाष्परूपाने उडून जातो, आणि मागे उरलेले क्षार पृष्ठभागावर साचून जमीन खारपड होते. ठिबक संचाच्या नळीतून मात्र पाणी थेंबाथेंबाने मुळांच्या कक्षेतच उतरते, विद्राव्य खतही त्याच वाटेने जाते.

हा संच खर्चिक असल्यामुळे, मंजूर खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान दोन हेक्टरपर्यंतच्या खातेदारास, तर ७५ टक्क्यांपर्यंत इतरांस, केंद्र व राज्य मिळून देतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, पूर्वसंमती, खरेदी, कृषी खात्याची मोका तपासणी आणि अखेर रक्कम थेट बँक खात्यात, असा हा क्रम आहे. पूर्वीची तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, व्याजासह फेडावी लागे. अनुदान परत करावे लागत नाही. तथापि बहुधा आधी पदरमोड शेतकऱ्यासच करावी लागते, म्हणून रक्कम रेंगाळली तर त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज नेमके अल्पभूधारकाच्याच माथी बसते. जमीन व पाणी ही समाजाची ठेव आहे; ती राखणाऱ्याचे देणे सरकारने मुदतीत चुकते केलेच पाहिजे.