मात्रा लागू पडली, पण खरं सांगितल्यावर

मराठीत आपण विडी ओढतो, कन्नडात ती ‘सेदतात’. विहिरीचं पाणीही कन्नडात सेदतात आणि मराठीत शेंदतात. आमच्या भालकीच्या घरात या दोन भाषा एकाच चुलीवर शिजायच्या. आजोबांच्या हातात विडी दिसली की आजी म्हणायची, “शेंदायचंच असलं तर विहिरीचं पाणी शेंदा!” आजोबा हसून घ्यायचे. मीही हसायचो. पुढे उदगीरला कॉलेजात गेलो आणि पहिली चारमिनार ओढली. ती पुढे तेहेतीस वर्षं काही सुटली नाही.

‘सोडली’ म्हणून जाहीर केलं, ते मात्र निदान सात-आठ वेळा. एकदा मुलीच्या वाढदिवसाला, एकदा श्रावणात, एकदा तर पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात. सर्वांत लांबचा उपास अकरा दिवसांचा. बाराव्या दिवशी शाळेत पोरांवर इतका खेकसलो की मुख्याध्यापकच म्हणाले, “सर, जरा बाहेर जाऊन या.” त्यांचा अर्थ मला कळला आणि मी बाहेर जाऊन आलो.

सुटली ती २०२३ च्या पावसाळ्यात, हैदराबादला, अक्काच्या घरी. कशी सुटली, आणि सुटता सुटता माझ्या हातून काय घडता घडता राहिलं, ते आज सांगायचं आहे. आपल्या सीमाभागातल्या बऱ्याच घरांशी त्याचा संबंध आहे.

खिशातली स्ट्रिप

भालकी, बिदर ही १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानची, मग हैदराबाद राज्याची गावं. त्यामुळे लग्न, दवाखाना, नोकरी यांसाठी हैदराबादला जाणं आमच्याकडे शेजारी गेल्यासारखंच आहे. अक्का चिक्कडपल्लीत राहते. बसने एमजीबीएसला उतरायचं, मेट्रो धरायची, सुलतान बझार, नारायणगुडा आणि मग चिक्कडपल्ली. एका बाजूला त्यागराय गानसभा, दुसऱ्या बाजूला आरटीसी क्रॉस रोडची सिनेमा थिएटरं. थोडं पुढे गेलं की ‘व्हीएसटी’. हा स्टॉप वझीर सुलतान टोबॅको या १९३० च्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो. माझी चारमिनार त्याच कंपनीची! सिगारेट सोडायला मी तिच्याच माहेरी आलो होतो म्हणा ना.

आमच्या दाजींनी त्या आधी चार महिने सिगारेट सोडली होती. चाळीस वर्षांची सवय आणि वर दम्याचा त्रास. त्यांना छातीच्या डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी दिली होती. दाजी अभिमानाने सांगत, “मनोबल-बिनोबल काही नाही रे, गोळी घेतली आणि सुटली.” त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ होते. त्यांनीही गोळ्या घेऊनच सोडली होती, पण त्यांची गोळी वेगळी, बुप्रोपिऑन. त्यांच्याकडे एक स्ट्रिप उरली होती. मोठ्या मनाने त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. “रोज एक घ्या, चार दिवसांनी दोन.”

मी ती शर्टाच्या खिशात टाकली. दवाखान्याची फी वाचली, रांग वाचली. रात्री घरी फोन केला. आमची सौभाग्यवती हुमनाबादची. तिला काळजी वाटली की ती कन्नडात बोलते. ती एवढंच म्हणाली, “डॉक्टरिगे केळीरेनु?” म्हणजे, डॉक्टरांना विचारलंत का? मी म्हटलं, सोमवारी दाजींना तपासणीला जायचंच आहे, तेव्हा विचारतो. तिने विचारलं नसतं तर रविवारीच पहिली गोळी पोटात गेली असती.

‘फिट’ की ‘घेरी’?

सोमवारी आम्ही तिघं गेलो. दाजींचं झाल्यावर मी स्ट्रिप टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कभी फिट आया? बचपन में?”

मी म्हटलं, “नही साब.” मी खोटं बोलत नव्हतो. त्यांनी इतरही बरंच विचारलं. डोक्याला कधी मार लागला का, दारू किती घेता, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, कुठली औषधं घेता. मग म्हणाले, दोन तपासण्या करून उद्या या, तोवर ही गोळी घेऊ नका.

परत येताना अक्का रिक्षात गप्प होती. घरी येऊन तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाजींना म्हणाली, “तुम्ही जरा आत जा.” मग माझ्यासमोर बसून म्हणाली, “बाळा, तुला घेरी यायची ना लहानपणी?”

यायची. दुसरी-तिसरीत असताना. मला आठवतात ते कांद्याचे आणि चपलेचे वास. शुद्धीवर यायचो तेव्हा कुणीतरी नाकाशी काहीतरी धरलेलं असायचं. आई सांगायची, “उन्हाने घेरी आली.” मग दोन-तीन वर्षं रोज रात्री एक कडू गोळी. ती ‘ताकदीची’ आहे, असं मला सांगितलेलं.

“ती घेरी नव्हती रे,” अक्का म्हणाली. “फिट होती. बिदरच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. शेजारच्या बाई ‘मूर्छे रोग’ म्हणाल्या, तर आईने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा. घरात फिट आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं? आईने मला शपथ घातली होती. हे आत बसलेत ना, त्यांनासुद्धा ठाऊक नाही.”

अक्काचं लग्न होऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं तिने ती शपथ पाळली आणि माझ्या खिशातल्या एका स्ट्रिपपायी मोडली. आतून दाजींचा आवाज आला, “मला ऐकू येतंय. आणि चहा टाका आता.” एवढंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तेच माझ्याआधी तयार होऊन बसले होते.

त्या गोळ्यांचं नेमकं काय?

डॉक्टरांनी सगळं ऐकून स्ट्रिप बाजूला सरकवली. बुप्रोपिऑन ही मुळात नैराश्यावरची गोळी. १९८५ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली, पण तेव्हाच्या मोठ्या डोसाने काही जणांना फिट आल्या आणि १९८६ मध्ये ती मागे घ्यावी लागली. डोस कमी करून ती १९८९ मध्ये परत आली. सिगारेट सोडण्यासाठी तिला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. नेहमीच्या डोसाला फिट येण्याचा धोका साधारण हजारात एकाला. पण ज्याला आधी फिट येऊन गेल्या आहेत त्याने ही गोळी घ्यायचीच नाही. ज्यांना खाण्याचे विकार आहेत, जे रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद करत आहेत, त्यांनीही नाही. आणि ज्यांना ती चालते त्यांनीही दोन गोळ्यांत निदान आठ तासांचं अंतर ठेवायचं. गोळी फोडायची, चावायची नाही, कारण ती हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेली असते. त्या भल्या गृहस्थांनी मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती गोळी योग्य होती. माझ्यासाठी नव्हती.

दाजींच्या व्हॅरेनिक्लिनचं काम निराळं. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं, तिथे ही गोळी आधीच जाऊन बसते. थोडं समाधान स्वतः देते, त्यामुळे तलफ कमी होते. आणि जागा अडवते, त्यामुळे सिगारेट ओढली तरी मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, साधारण बारा आठवडे. सिगारेट सोडायचा दिवस बहुधा दुसऱ्या आठवड्यातला ठरवतात. मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास. दाजींनी पहिल्या दिवशी नुसत्या चहावर घेतली आणि ओकले. मग अक्काने नियम केला, आधी उप्पीट, मग गोळी, वर पेलाभर पाणी. स्वप्नंही ठळक पडतात. दाजी महिनाभर स्वप्नात आरटीसी क्रॉस रोडला तिकिटाच्या रांगेत उभे होते आणि तिकीट काही मिळत नव्हतं! मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. या गोळीवर असताना दारू नेहमीपेक्षा जास्त चढू शकते. फिट येऊन गेलेल्यांना ही गोळीही डॉक्टर फार विचार करूनच देतात.

या गोळ्यांनी मन बिघडतं असं अनेकांनी ऐकलेलं असतं. त्याला कारण आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने दोन्ही गोळ्यांवर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला होता. पुढे आठ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांवर मोठा अभ्यास झाला. त्यात मानसिक आजार असलेलेही होते. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळ्यांमुळे असे गंभीर त्रास लक्षणीय वाढल्याचं त्यात दिसलं नाही आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो इशारा काढण्यात आला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तरीही गोळी सुरू असताना माणूस एकाएकी उदास, चिडखोर किंवा विचित्र वागू लागला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावं. हे बहुधा त्याच्या आधी घरच्यांनाच दिसतं.

आणखी एक गोष्ट मला दाजींमुळे कळली. दम्यासाठी ते थिओफिलीनच्या गोळ्या घेत. तंबाखूच्या धुराने यकृत असलं औषध झपाट्याने निकालात काढतं. धूर थांबला की तीच गोळी रक्तात साचू लागते. छाती धडधडते, मळमळतं. म्हणून डॉक्टरांनी त्यांचा डोस कमी केला होता. काही मानसिक आजारांच्या गोळ्या, रक्त पातळ करणारं औषध, इन्शुलिन यांचंही प्रमाण सिगारेट सुटल्यावर पुन्हा तपासावं लागतं.

माझी मात्रा

मला मिळाली ती निकोटिनची चिकटपट्टी आणि च्युइंगम. पट्टी रोज सकाळी कोरड्या, केस नसलेल्या जागी, आणि रोज नव्या जागी. च्युइंगम सकाळच्या चहाआधीच सिगारेट लागणाऱ्यांसाठी ४ मिलिग्रॅमचं, चिठ्ठीवर. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही. चार-पाच वेळा चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. चहा-कॉफी किंवा लिंबूपाणी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. आणि हे सगळं नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचं. मुलांना ते विषासारखं आहे.

पहिले दहा दिवस अक्काकडेच काढले. कोपऱ्यावरच्या पान डब्ब्यावरून जावं लागू नये म्हणून दाजी मला गल्लीच्या दुसऱ्या टोकाने फिरायला नेत. तीन महिन्यांत पट्टीही सुटली. एकदा मात्र हुमनाबादच्या लग्नात मेहुण्यांच्या घोळक्यात एक सिगारेट ओढली. त्या रात्री १८००-११-२३५६ या नंबरावर फोन केला. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झालेली ही सरकारी मोफत सेवा. पुढे मुंबई, बेंगळुरू आणि गुवाहाटीतही तिची केंद्रं झाली, म्हणून मराठीत किंवा कन्नडात बोलता येतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “एक ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. उद्या सकाळपासून पुढे चला.” तशीच ती सकाळ गेली आणि मग सगळ्याच.

वाचकहो, डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात एवढं करा.

- आई, मोठी बहीण, मावशी यांना विचारा: मला लहानपणी काय झालं होतं? ‘घेरी’, ‘ताप डोक्यात गेला’, ‘बाहेरचं लागलं’ असं काही असेल तर तेच शब्द डॉक्टरांना सांगा. अर्थ त्यांना लावू द्या.
- चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि झोपेचीसुद्धा.
- दारू घेत असाल तर खरं प्रमाण सांगा. बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तेही सांगा.
- दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आपल्या उरलेल्या देऊ नका.

मराठीत औषधाची ‘मात्रा’ लागू पडते. कन्नडात ‘मात्रे’ म्हणजे गोळीच. मात्रा लागू पडायला आधी रोगाचं नाव खरं सांगावं लागतं. आमच्या घरात ते सांगायला चव्वेचाळीस वर्षं लागली. गेल्या दिवाळीत अक्काच्या सुनेने सहज विचारलं, “आत्या, घरात कुणाला काही मोठा आजार होता का?” अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “होता. माझ्या भावाला फिट यायच्या. आता बरा आहे.”