बडोद्यात घडलेला आग्फा

सावरगावकडून जाम नदीचा पूल ओलांडला की पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीपात्रात गोटमार होते. आमच्या घरच्या अल्बममध्ये याच नदीकाठचे काही फोटो आहेत. काळेपांढरे, चौकोनी, तळहातात मावतील एवढे. ते ज्या कॅमेऱ्याने काढले, त्याला घरात सगळे नुसते ‘आग्फा’ म्हणत. जर्मनीचा माल म्हणून त्याचा मान मोठा. खरे तर तो बडोद्याचा होता.

आग्फा हे नाव रंगांच्या धंद्यातून आले. १८६७ मध्ये बर्लिनजवळच्या रुमेल्सबर्ग येथे संगीतकार मेंडेल्सोनचा मुलगा पॉल आणि रसायनशास्त्रज्ञ मार्टियस यांनी ॲनिलिन रंगांचा कारखाना काढला. त्या कंपनीच्या लांबलचक जर्मन नावातल्या अक्षरांवरून ‘आग्फा’ झाले. फिल्म आणि कागद पुढे आले, आणि १९२५ मध्ये म्युनिकचा रीट्शेल कारखाना घेतल्यावर कॅमेरेही. १९६४ मध्ये बेल्जियमच्या गेव्हर्टशी कंपनीचे एकत्रीकरण झाले.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरायचे दिवस होते. कॅमेऱ्यासारखी वस्तू बाहेरून आणणे अवघड. तेव्हा आग्फाशी सहकार्य करून बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने ‘क्लिक थ्री’ इथेच तयार केला. गायकवाडांच्या या शहरात मराठी घरे काही कमी नाहीत. म्हणून मला हा कॅमेरा परका वाटत नाही.

त्याची रचना इतकी साधी की शिकवावी लागत नसे. १२० नंबरचा रोल, त्यावर सहा सेंटिमीटर बाजूचे बारा चौकोन. फिल्मच्या पाठीला कागद, कागदावर आकडे, आणि मागच्या लाल काचेतून आकडा दिसेपर्यंत चकती फिरवायची. ऊन आहे की ढग, एवढे ठरवायचे आणि खटका दाबायचा. सेल नाही, मीटर नाही. हात हलला तर चित्र पुसट यायचे. रोल पुढे न सरकवता पुन्हा खटका दाबला तर एकाच चौकटीत दोन माणसे यायची. बाराच फोटो असल्यामुळे कुणाला उभे करायचे यावर आधी घरात बोलणे व्हायचे. मोठी माणसे खुर्चीवर, मुले पुढे खाली.

सर्वांत मोठी सोय निगेटिव्हच्या आकाराची. ती मोठी असल्याने कागदावर थेट ठेवून छाप काढता येई. एन्लार्जर नसला तरी चाले. अल्बममधले फोटो निगेटिव्हएवढेच का, याचे उत्तर हे आहे. लहान गावातल्या स्टुडिओला यामुळे काम परवडे, आणि ज्यांनी फोटोसाठी कधी नागपूर गाठले नसते अशा घरांतही आजीचा एक तरी चेहरा उरला.

पस्तीस एमएमचे छोटे रंगीत कॅमेरे आले आणि क्लिक थ्री कपाटात गेला. तिकडे आग्फाने २००४ मध्ये फोटोचा धंदा वेगळा काढला. नव्या आग्फाफोटो कंपनीने २००५ मध्ये दिवाळे जाहीर केले. नाव मात्र टिकले. आज ते परवान्यावर दिले जाते, आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवर झळकते. फोग्टलेंडर हे आग्फाहूनही जुने जर्मन नाव १९९९ पासून जपानची कोसिना वापरते. पण कोसिना स्वतः भिंगे घडवते, म्हणून तिथे नावाची अब्रू राहिली. माझ्या मते परवान्याची कसोटी हीच आहे: नावाबरोबर हातांना काम आणि कसब मिळाले का? बडोद्यात ते मिळाले. नुसता शिक्का मारलेल्या डब्याला मी आग्फा म्हणणार नाही.

तुमच्या माळ्यावर तपकिरी चामड्याच्या पिशवीत असा कॅमेरा पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. पुसा, खटका चालतो का पाहा. १२० चा रोल आजही मिळतो.